मी बेटावर उतरवलेलं विमान

ताईने भावोजींचे अंत्यविधी करायचे ठरवले होते आणि मी ते मोडले. मुद्दाम नाही. विमानाबद्दल बडबड करताना मोडले.

भावोजींचा आणि विमानाचा तसा काही संबंध नाही. ते जन्मात विमानात बसले नव्हते. एका रविवारी सकाळी नागरवाड्यातल्या घरून कडीचा डबा घेऊन ते कोपऱ्यावर सेव-उसळ आणायला गेले आणि परत आले नाहीत. पायात रबरी चपला, अंगात घरातला सदरा. ताईने ताटल्या मांडल्या होत्या, कांदा चिरला होता. माझी भाची तेव्हा पाचवीत होती आणि तिने लिंबाची फोड आधीच चोखून संपवली म्हणून तिला एक धपाटा बसला होता. तो धपाटा ताईला अजून आठवतो. भावोजी जाताना काय बोलले ते मात्र आठवत नाही. सेव-उसळ आणायला निघालेला माणूस काही लक्षात ठेवण्यासारखं बोलत नाही.

त्याच्या आधी त्यांचा कारखाना बंद पडला होता. त्या वर्षांत बडोद्यात जुने कारखाने बंद पडत होते आणि नवी चकचकीत दुकानं उघडत होती. काचेच्या दारामागे उभं राहून हसायला पोरं लागत. चाळिशी ओलांडलेले, मशीनच्या आवाजाने कान गेलेले सुपरवायझर लागत नव्हते. भावोजी घरी बसले. ताई शिवणकाम करायची, ते काजं-बटणं करून द्यायचे. चेष्टेत म्हणायचे, "मला प्रमोशन मिळालंय, आता मी बटणखात्याचा प्रमुख." आम्ही हसायचो. मी तर जरा जास्तच हसायचो.

ते गेल्यावर सगळी गल्ली तर्क लढवायला बसली. बडोद्यात माणूस नाहीसा झाला की लोक त्याला नर्मदेकाठी पाठवतात. कोणी त्यांना चांदोदच्या घाटावर दाढी वाढवलेलं पाहिलं, कोणी सुरतेत हिऱ्यांच्या कारखान्यात. एका बाईने तर डाकोरला त्यांच्याशी बोलल्याची शपथ घेतली, पण ते काय म्हणाले हे तिला सांगता येईना. एकच तर्क ताईसमोर कोणी बोलत नसे. विश्वामित्री नदीच्या पुलावरून जाताना सगळ्यांची तोंडं आपोआप दुसरीकडे वळायची. पोलिसांत नोंद झाली, दवाखाने पाहून झाले. मी आणि ताई चांदोदला जाऊन आलो. घाटावर दाढीवाले पुष्कळ होते. ताई प्रत्येकाच्या समोर जाऊन उभी राहायची आणि तो वर बघेपर्यंत थांबायची.

मग तिने शोधणं सोडलं आणि वाट पाहणं धरलं. ते कसं, हे फक्त रविवारी दिसायचं. रविवारी सकाळी ती गॅस पेटवायची नाही. आम्ही कधी गेलो तर चहासुद्धा शेजारून यायचा. का, ते कोणी विचारत नव्हतं. रविवारचा नाश्ता बाहेरून यायचा होता, तो अजून आला नव्हता.

आपल्याकडे परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. बारा वर्षं कधीच उलटली होती. गुरुजी दर पितृपक्षात आठवण करून द्यायचे आणि ताई त्यांना दक्षिणा देऊन वाटेला लावायची. पण भाचीचं लग्न ठरलं, मुलगा पुण्याचा, मुहूर्त वैशाखातला, आणि पत्रिका छापायची वेळ आली. भाची म्हणाली, "आई, बाबांच्या नावाआधी काय छापू?" ताई दोन दिवस नुसती शिवत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला.

"चांदोदला जायचं," ती म्हणाली. "पुतळा करायचा. मी आता दमले रे."

एवढंच. इतक्या वर्षांत ती दमल्याचं पहिल्यांदाच म्हणाली.

होळीच्या जरा आधीची गोष्ट आहे. ठरलं असं, की ताई आणि भाची आदल्या दिवशी आमच्याकडे हरणीला येतील आणि पहाटे जीपने सगळे निघतील. आणि नेमकं त्याच दिवसांत, लांब पूर्वेकडे कुठेतरी, माणसांनी भरलेलं एक प्रवासी विमान उडता उडता नाहीसं झालं.

इथे माझ्याविषयी थोडं सांगायला हवं, म्हणजे पुढचा मूर्खपणा समजेल. मी विमानतळाच्या इतका जवळ राहतो, की विमान डोक्यावरून गेलं की आमच्या झोपाळ्याच्या कड्या वाजतात आणि बायको टीव्हीचा आवाज वाढवते. शिवाय मी भूगोलाचा मास्तर. शाळेतले मराठी माध्यमाचे वर्ग बंद झाले तेव्हा भंगारात निघालेला एक पत्र्याचा पृथ्वीगोल मी मागून आणला होता. आणि सोसायटीतल्या पेन्शनरांमध्ये विमानात बसलेला मी एकटा. एकदाच बसलो होतो, मुंबईपर्यंत. उतरताना पट्टा सोडता आला नाही आणि झाडायला आलेल्या बाईने मला मोकळं केलं. ही शेवटची गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. तर एवढ्या भांडवलावर मी विमानतज्ज्ञ झालो.

संध्याकाळी फाटकाजवळच्या बाकड्यावर सभा भरायची. हार्डवेअरचं दुकान असलेले आमचे गुजराती शेजारी रोज एकच प्रश्न विचारायचे.

"साहेब, एवडुं मोटुं प्लेन. गयुं क्यां?"

त्यांचा स्वतःचा सिद्धांत असा, की विमानात सोनं होतं आणि हे सगळं सोन्यासाठी. कोणी म्हणे पायलटचं डोकं फिरलं, कोणी म्हणे आग लागली, कोणी म्हणे मोठ्या देशांना सगळं माहीत आहे पण सांगत नाहीत. मी पृथ्वीगोल मांडीवर घेऊन सगळं ऐकून घ्यायचो आणि शेवटी बोलायचो, म्हणजे माझं खरं वाटावं. माझं म्हणणं होतं, विमान उतरलंय. हिंदी महासागरातल्या एका बेटावर, ओहोटीच्या वेळी, टणक वाळूवर. सगळे जिवंत आहेत. यंत्र बिघडलंय म्हणून संपर्क नाही, इतकंच. पहिल्या दिवशी ते नुसतं बेट होतं. दुसऱ्या दिवशी मी तिथे गोड्या पाण्याचा झरा काढला. तिसऱ्या दिवशी नारळाची झाडं लावली. हार्डवेअरवाल्यांच्या आई, ज्यांना सगळे बा म्हणत, खुर्ची ओढून जवळ आल्या.

"अने एमां कोई जैन होय तो? कंदमूळ तो ना खाय."

"बा, नारळ आहेत की."

"नाळियेर तो चाले," बा समाधानाने म्हणाल्या. त्या माणसांच्या जेवणाची सोय झाल्यावर त्यांना रात्री झोप लागू लागली, असं त्यांची सून सांगायची.

माझी बायको कठड्यावरून ओरडायची, "यांचं काय ऐकताय! परवा बँकेत स्कूटर घेऊन गेले आणि रिक्षाने घरी आले. स्कूटर नाही सापडत, विमान काय सापडणार?" सगळे हसायचे आणि मी आणखी चढायचो.

ताई आली त्या संध्याकाळी सभा अगदी भरात होती. ती मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. मी तिला पाहिलं होतं, हे सांगायला पाहिजे. पाहिलं आणि उलट खूश झालो, की ताईलाही कळू दे, इथे आपल्या भावाला लोक किती मानतात ते. हार्डवेअरवाले म्हणाले, "साहेब, छोडो ने. इतके दिवसांत काही नाही मिळालं, म्हणजे मेलेच सगळे." आणि मी उभा राहिलो. वर्गात खडू घेऊन उभा राहायचो तसा.

"ज्याचा एक तुकडासुद्धा सापडला नाही, त्याला मेलं म्हणायचा अधिकार कोणाला आहे? सापडत नाही म्हणजे नाही, असं नसतं! सापडत नाही म्हणजे आपण नीट शोधलं नाही. आणि तिकडे ती माणसं समुद्राकडे डोळे लावून बसलीत, की आपल्या माणसांनी तरी हार मानली नसेल!"

"वाह साहेब!" हार्डवेअरवाले म्हणाले. बांनी पदर डोळ्यांना लावला. मी बसलो. मागे ताई मेथी निवडत होती. पानं एकीकडे, काड्या एकीकडे. नंतर बायकोने दाखवलं, की काड्या परातीत होत्या आणि पानं कचऱ्यात.

पहाटे जीप फाटकाशी येऊन उभी राहिली. गुरुजींनी सांगितलेलं सामान पिशवीत होतं, दर्भ, तीळ, पळसाची पानं, नारळ. ताई आंघोळ करून झोपाळ्यावर बसली होती.

"जीप परत पाठव," ती म्हणाली.

"का? बरं नाही का?"

"आपण नीट शोधलं नाही."

मला खरंच आधी कळलं नाही. भाचीला लगेच कळलं. ती पिशवी खाली ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "मामा, काल काय बोललास तू?"

"अगं, ते विमानाबद्दल..."

"त्याला बोलू नकोस," ताई म्हणाली. "तो बरोबर बोलला."

"आई, हा कधी बरोबर बोललाय का? आयुष्यात?" आणि भाची रडायला लागली. "मला लग्न करून जायचंय. तू इथे एकटी दर रविवारी उपाशी बसणार, आणि मी तिकडे काय करू? नाश्ता करू?"

ताई झोपाळ्यावरून उठली नाही. जीपवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला.

मग मी विमान बुडवायला निघालो. त्याच संध्याकाळी बाकड्यावर जाहीर केलं, की माझा विचार बदललाय, विमान समुद्रातच पडलं. कोणी ऐकेना. हार्डवेअरवाल्यांना वाटलं मला कोणीतरी दम दिलाय. बा तर रागावल्याच. "काले तो झरो हतो! काले तो नाळियेर हतां!" एका दिवसात मी इतकी माणसं उपाशी मारली, म्हणून त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. लोकांना बेट द्यायला मला तीन संध्याकाळी लागल्या होत्या, काढून घेता मात्र येईना.

पृथ्वीगोल पिशवीत घालून मी नागरवाड्याला गेलो. ताईचा टीव्ही चालू होता. ती कधी बातम्या पाहत नसे, आता दिवसभर पाहायची. पडद्यावर त्या प्रवाशांची माणसं होती. कुठल्याशा हॉटेलच्या दालनात, फोटो छातीशी धरून.

"ताई, हे बघ," मी गोल तिच्यासमोर ठेवला. "हा एवढा सगळा समुद्र. इथे बेट नाही. मी उगाच सांगितलं. लोकांना गंमत वाटावी म्हणून."

तिने गोलाकडे पाहिलं. बोटाने तो जरा फिरवला. भारत पलीकडे गेला आणि समोर नुसता निळा पत्रा राहिला.

"विमान ते," ती म्हणाली. "किती देशांनी जहाजं पाठवलीत. सगळा समुद्र चाळतायत. इथे पाणीगेटचा भाजीवालासुद्धा विचारतो, काही कळलं का विमानाचं? आणि यांच्यासाठी आपण दोघं चांदोदपर्यंत गेलो, आणि शेवटची बस चुकेल म्हणून तू घाई केलीस."

ते खरं होतं. शेवटची बस पकडायची होती. घाटाच्या दुसऱ्या टोकाला आम्ही गेलोच नव्हतो. मी त्या वेळी म्हणालो होतो, "ताई, तिकडे कोण असणार?"

मी पृथ्वीगोल पुन्हा पिशवीत भरला आणि घरी आलो. त्यानंतर थोड्याच दिवसांनी टीव्हीवर कोणा मोठ्या माणसाने सांगितलं, की विमान समुद्रात पडलं, कोणी वाचलेलं नाही, असं समजावं. हाती काही लागलेलं नसताना सांगितलं. फोटो धरलेली माणसं जमिनीवर लोळून ओरडत होती. मला वाटलं, चला, आता ताई ऐकेल. भाचीने फोनवर सांगितलं, की आईने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "असं दुसऱ्याने सांगून होत नाही."

पत्रिका तशाच अडकून राहिल्या होत्या. शेवटी प्रेसवाल्याने तगादा लावला, तेव्हा मजकूर काय तो ठरवून टाकावा म्हणून मी पुन्हा नागरवाड्याला निघालो. बायको म्हणाली, "रिकाम्या हाताने जाऊ नका. आणि त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत काही आणू नका, तेल गळतं." तिने मला कडीचा डबा दिला. मी बाहेर पडलो. नागरवाड्याच्या कोपऱ्यावर कढईतून वाफा येत होत्या, गर्दी होती, मला भूक लागली होती. मी डबा पुढे केला. उसळ, वर लाल तर्री, शेव वेगळ्या पुडीत, पाव वर्तमानपत्रात. एका हातात डबा, दुसऱ्यात शेवेची पुडी, काखेत पाव, अशा थाटात जिना चढलो. हात मोकळा नव्हता म्हणून दारावर डबाच आपटला. कडी वाजली.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. ताई धावत आली. गुडघे धरून चालणारी माझी बहीण धावत आली आणि तिने दार उघडलं.

रविवार होता.

तिचा चेहरा मी इथे लिहिणार नाही. मला येत नाही ते. एवढंच सांगतो, की दार उघडताना तिचं वय वेगळं होतं आणि मला पाहिल्यावर वेगळं झालं. तिने डब्याकडे पाहिलं, पावाकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. मग ती उंबऱ्यातच खाली बसली. मी डबा धरून उभा. ठेवावा की घेऊन पळावं, कळेना. भाची मागून आली, तिने सगळं एका नजरेत पाहिलं आणि ओठ घट्ट दाबून भिंतीला टेकली.

खालच्या मजल्यावर कोणाचा तरी कुकर शिट्ट्या करत होता. मग ताई बोलली.

"इतकी वर्षं मला वाटायचं, कडी वाजेल आणि मी दार उघडेन." ती थांबली. "आज वाजली. मी उघडलं."

तिने हात पुढे केला. मी डबा तिच्या हातात दिला. तिने झाकण काढून आत पाहिलं.

"निवतंय," ती भाचीला म्हणाली. "ताटल्या घे. कांदा चीर."

आम्ही तिघं जमिनीवर बसून खात होतो. तर्री जहाल होती आणि सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे कशाचं कोणतं ते विचारायची गरज पडली नाही. पावाचा शेवटचा तुकडा पुसून खाल्ल्यावर ताई उठली, तिने गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं.

"गुरुजींना फोन लाव," तिने पाठमोरंच सांगितलं.

चांदोदला आम्ही त्याच आठवड्यात गेलो. या वेळी ताईच्या सांगण्यावरून आधी घाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन आलो. तिथे दोन म्हशी आणि एक नावाडी होता. ताई नावाड्यासमोरही क्षणभर थांबली. मग परत आलो.

गुरुजींनी दर्भाचा पुतळा केला, हातापायांना पळस, छातीला पळस. डोकं म्हणून त्यांनी नारळ ठेवला. मला बा आठवल्या, माझं बेट आठवलं, आणि मी मान खाली घातली. भाचीने अग्नी दिला. एवढासा पुतळा, पण जळायला बराच वेळ लागला. नारळ तडकला तेव्हा ताई दचकली आणि तिने माझं मनगट धरलं. गुरुजी तिच्या कुंकवाबद्दल काही सांगायला लागले, तेव्हा ती म्हणाली, "ते राहू द्या. ते माझं मी बघते."

राख घेऊन आम्ही नावेत बसलो. मधोमध गेल्यावर नावाड्याने वल्ही थांबवली. ताईने मडकं वाकडं केलं. राख पाण्यावर थोडी तरंगली, मग धारेला लागली. कोणीच काही बोलत नव्हतं, आणि कोणी काही बोलत नसलं की मला राहवत नाही; चाळीस वर्षं वर्गात उभं राहिल्याची ती खोड आहे.

"इथून भरूच," मी म्हणालो. "मग खंभातचं आखात. मग अरबी समुद्र, आणि तिथून खाली हिंदी महा..."

पुढे शब्द येईना. मी एवढ्या मोठ्याने हुंदका दिला की नाव हलली. भाचीने माझ्या पाठीवर हात ठेवला. ताईने राखेचा हात नदीत धुतला, पदराला पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "रड. पण तोंड मिटून रड."